एक किलो सातशे

१

"एकाहत्तर किलो, सातशे चाळीस ग्रॅम."

मुष्टियुद्ध मंडळाच्या अध्यक्षांनी आकडा हॉलभर ऐकू जाईल असा वाचला. मर्यादा सत्तर किलोची होती. काट्यावर उभा असलेला डावरा स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

"पुन्हा करा," डावऱ्याचे मामा म्हणाले.

चड्डीसुद्धा उतरवून पुन्हा केलं. काट्यावरच्या माणसाला कशाचाही स्पर्श होता कामा नये असा नियम, म्हणून दोन पंचांनी त्याच्यापासून चांगली हातभर लांब चादर धरली. चाळीस ग्रॅम कमी झाले. वरचे एक किलो सातशे काही हलले नाहीत.

डावरा चौतीस वर्षांचा. डाव्या हाताने ठोसे मारायचा म्हणून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. बारा वर्षं हाच धंदा करून उद्या तो पहिल्यांदा अजिंक्यपदासाठी लढणार होता. या वयात दुसऱ्यांदा कोणी बोलावणार नव्हतं. मामा म्हणजे सख्खे मामा. नवव्या वर्षी आई गेली तेव्हा त्यांनी भाच्याला उचलून आपल्या जिममध्ये आणलं, वाढवलं, शिकवलं. ते स्वतः अजिंक्यपदाची लढत दोनदा हरले होते. त्यामुळे उद्याची लढत जितकी डावऱ्याची तितकीच त्यांचीही होती, कदाचित काकणभर जास्तच.

अध्यक्षांनी टेबलावरची वही उघडली. मोठ्या लढतीआधी कोणी उपाशीतापाशी राहून घाईने वजन उतरवू नये म्हणून मंडळाने एक पद्धत लावली होती. शेवटचे पंधरा दिवस प्रशिक्षकाने खेळाडूचं रोजचं वजन वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. काल संध्याकाळच्या ओळीत मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एकोणसत्तर किलो नऊशे.

"एका रात्रीत पावणेदोन किलो?" अध्यक्ष म्हणाले. "फुगायला हा काय भिजत घातलेला हरभरा आहे?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन तासांनी पुन्हा वजन. नाही उतरलं तर लढत रद्द. आणि मामा, लढत होवो न होवो, ही वही खोटी निघाली तर तुमचा परवाना आजच जाईल. कायमचा."

"माझी वही खोटी?" मामांचा आवाज चिरकला.

डावऱ्याने झटकन मान वर केली. "मामांचा काय संबंध? वजन माझं आहे."

"सही त्यांची आहे," अध्यक्ष म्हणाले आणि जादा वजनाचा फॉर्म त्याच्यासमोर सरकवला. डावऱ्याने अंगठा जिभेला लावून पान उलटलं आणि सही केली.

अध्यक्षांनी हॉलभर नजर फिरवली. ती घड्याळकाकांवर येऊन थांबली. सव्वीस वर्षं रिंगशेजारी बसून फेऱ्यांची वेळ मोजणारा माणूस. तीन मिनिटं काम आणि एक मिनिट विश्रांती ही चाल काकांच्या अंगात अशी मुरली होती, की भाजी घेतानाच्या गप्पाही ते तीन मिनिटांत आटपत. रिंगशेजारची खुर्ची सोडली तर एका जागी बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आत्ताही ते उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"काका, तुम्ही कुणाच्याच कोपऱ्यातले नाही. दोन तासांत मला सांगा, कोण खोटं बोलतंय."

काकांनी मान हलवली. मामांची दुसरी हरलेली लढत संपवणारा टोल त्यांनीच दिला होता. त्याच मामांचा परवाना आता त्यांच्या शब्दावर अवलंबून होता.

२

जिम रस्त्याच्या पलीकडेच होती. काका इतक्या लगबगीने निघाले, की मामांना मागून जवळजवळ धावावं लागलं.

"काटा बिघडवला कुणीतरी," मामा धापा टाकत म्हणाले. "दुसरं काय असणार?"

जिमचा काटा जुना, दांडीचा होता. दांडीवर वजन सरकवायचं आणि ती सरळ झाली की आकडा वाचायचा. काकांनी व्यायामाच्या लोखंडी चकत्या उचलून त्यावर ठेवल्या. वीस किलो, बरोबर. चाळीस, बरोबर. सत्तर, तंतोतंत. चकत्या उतरवल्या, पुन्हा चढवल्या. काट्यात गुंजभरही फरक नव्हता.

मामांचा चेहरा उतरला. काटा बिघडला असता तर ते सुटले असते.

"तुम्ही वजन कसं घेता, तसंच करून दाखवा," काका म्हणाले.

"करायचं काय त्यात? तो कपडे काढून उभा राहतो. हल्ली मुलीही येतात सरावाला, म्हणून हा आडोसा." मामांनी काट्याला खेटून जमिनीत पक्क्या केलेल्या लोखंडी स्टँडकडे बोट दाखवलं. स्टँडला दोन आडव्या नळ्या होत्या. कमरेच्या जरा वरच्या नळीवर पांढरा टॉवेल घातलेला होता आणि त्याच्याआड खालची नळी झाकली गेली होती. "मी या बाजूला उभा राहून वाचतो, लिहितो, सही करतो. बास."

"टॉवेलच्या पलीकडे बघत नाही?"

"लहानपणी मीच आंघोळ घातलीय त्याला. बघायचंय काय त्यात नवीन?"

काकांनी टॉवेल उचलून उलटा केला. वरच्या नळीच्या गंजाची एक बारीक तपकिरी रेघ आडवी उमटली होती. तिच्या वीतभर खाली, आतल्या बाजूने, मुठीएवढा गडद डाग होता. काकांनी टॉवेल पुन्हा होता तसा घातला.

मग ते वही घेऊन येरझाऱ्या घालू लागले. पंधरा दिवस, पंधरा ओळी. रोज शंभर ग्रॅम कमी. एकही दिवस पन्नास नाही की दीडशे नाही.

"मामा, वजन असं उतरतं कधी?"

"शिस्तीचा आहे माझा भाचा," मामा म्हणाले. पण एवढं बोलून त्यांनी वही काकांच्या हातून घेतली आणि स्वतःच पुन्हा वरून खाली वाचली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

३

हॉलमागच्या मोकळ्या जागेत डावरा रबरी सूट घालून धावत होता. भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत उभा होता खांब, त्याचा सरावातला जोडीदार. सहा फूट तीन इंच उंची आणि अंगावर मांस बेताचं, म्हणून खांब. डावरा बाद झाला तर उद्या रिंगमध्ये उतरायला राखीव म्हणून मंडळाच्या यादीत त्याचंच नाव होतं.

"मला माहितीय तुम्ही कशाला आलात," खांब आपण होऊनच म्हणाला. "काल रात्री त्याच्या खोलीत मी झोपलो होतो. त्यानं पाणी पिऊ नये म्हणून मामांनीच ठेवलं होतं मला."

"मग प्यायला का तो?"

"माझ्यासमोर नाही. मी एकदा उठलो, पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत पावणेदोन किलो पाणी पिणारा माणूस असता, तर आपण त्याला सर्कशीत दाखवला असता."

खांब कसंनुसं हसला. मग त्याचा बांध फुटला. "काका, सगळे माझ्याकडेच बघतायत. पण आईशपथ, मला त्याची जागा नकोय. उलट मीच हात आखडून सराव करतोय."

"का?"

"माझा डावा हात त्याला लागतोच. दर वेळी! पूर्वी दहात एक लागायचा. मामा कोपऱ्यातून ओरडतात, उजवा हात वर ठेव, उजवा हात वर ठेव. तो ठेवतच नाही. म्हटलं थकला असेल. तोंडात मारायला बरं वाटत नाही हो, म्हणून मी डावा हात सैल सोडतो."

"कधीपासून?"

"झाले की पाचसहा महिने."

डावरा त्यांच्यासमोरून पळत गेला. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. काका ते बघतच राहिले. मग एकदम वळले आणि चालायला लागले.

"काका, मी काही केलं नाही ना?" मागून खांब ओरडला.

४

डावऱ्याची बायको हॉलच्या पायऱ्यांवर बसली होती. काकांना बघून ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. काकांना तेवढंच बरं वाटलं. दोघं पायऱ्यांसमोर फेऱ्या मारत बोलू लागले.

"मीच खाऊ घातलं असं म्हणतायत ना सगळे?" ती म्हणाली. "घातलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. त्यानं हे सोडावं असं मला वाटतं, लग्नाच्या दिवसापासून वाटतं. पण चोरून नाही करणार मी असलं काही."

"घरी काय खायचा तो?"

ती अडखळली. "सगळंच खायचा. मी म्हटलं, अरे, वजन? तर म्हणाला, तू काळजी करू नको, मामांच्या काट्यावर रोज उतरतंय. पाणीही प्यायचा पोटभर. मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल तुमची."

"अजून काही वेगळं दिसलं का त्याच्यात?"

"चिडतो. रात्रभर कूस बदलत राहतो. आणि काका, वेंधळा झालाय. पाणी ओतायला गेला की पेल्याच्या बाहेर ओततो, सगळा ओटा ओला. परवा जिन्याची पायरी चुकला. तीन महिन्यांपूर्वी स्कूटर विकून टाकली, म्हणे चालणं तब्येतीला बरं. कधी एक पाऊल चालत जाणारा माणूस नाही हो तो."

काका चालता चालता थांबले. तिलाही थांबावं लागलं.

"वजनानंतर काय असतं आज?" त्यांनी विचारलं, पण ते तिला नव्हतं.

"डॉक्टरांची तपासणी ना? वजन बसलं तरच." ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "काय झालं? मला सांगा ना काय झालंय त्याला!"

"आधी त्याला विचारतो," काका म्हणाले. अर्धा तास उरला होता.

५

कपडे बदलायच्या खोलीत डावरा बाकावर बसून रबरी सूटची चेन खाली ओढत होता. काकांनी दार लावून घेतलं.

"चांगला घाम आला तुला," ते म्हणाले. "पंधरा दिवस वजन उतरवणाऱ्याला इतका येत नाही. सकाळी तू अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलंस. मी सव्वीस वर्षं बघतोय, वजनाच्या दिवशी तुम्हा लोकांच्या जिभा टाळ्याला चिकटलेल्या असतात. थुंकी आणणार कुठून?"

डावऱ्याने चेन पुन्हा वर ओढली.

"काटा बरोबर आहे. मामांनी वाचलं ते खरं वाचलं, लिहिलं ते खरं लिहिलं. म्हणजे तू फक्त त्या काट्यावर उभा असेपर्यंत हलका होतास. त्या स्टँडच्या खालच्या नळीवर, टॉवेलच्या आडून, तू मूठ दाबायचास. तेवढा भार नळीनं घ्यायचा आणि काटा कमी दाखवायचा. टॉवेलला आतून गंजाचा डाग पडलाय, तुझ्या मुठीएवढा. दांडी तुला वरून दिसत होतीच. मामांनी वजन सरकवत ठरलेल्या आकड्यावर आणलं की तू दाब जमवायचास. म्हणून तर रोज बरोबर शंभर. खरं वजन असं पायऱ्या मोजत उतरत नाही, बाबा. एक दिवस अडून बसतं, एक दिवस धावतं. इथं मात्र दोन पंच लांब चादर धरून उभे होते. दाबायला काही नव्हतं."

"मला भूक आवरली नाही," डावरा म्हणाला.

"खोटं. भूक न आवरणारा माणूस काट्यावर उभा राहायचंच टाळतो. तुला वजनात बाद व्हायचं होतं. मामांना आधी कळलं असतं तर त्यांनी तुला पळवून पळवून उतरवलं असतं, म्हणून त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत अंधारात ठेवलंस. दुखापतीचं नाटक केलं असतंस तर त्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. आणि तुला डॉक्टरच नको होता. वजन बसलं नाही, तर तपासणीच होत नाही." काका त्याच्या उजव्या बाजूला सरकले आणि दोन बोटं त्याच्या गालाजवळ धरली. "किती बोटं आहेत?"

डावऱ्याने मान वळवायला सुरुवात केली.

"मान न वळवता सांग."

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याचा डावा डोळा भरून आला, मग उजवाही.

"अरे, सांगायचं ना!" काकांचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. "मामा काय तुला खाणार होते?"

"नाही. तेच तर. मला काहीच म्हणणार नाहीत ते." डावऱ्याने तोंड पुसलं. "काका, मला वाटलं मला दंड होईल, चार लोक खादाड म्हणतील, मामा दोन महिने बोलणार नाहीत, संपलं. त्यांच्या सहीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही एवढंच सांगा की लबाडी मी केली. डोळ्याचं नको."

"कारण विचारतील. कारणाशिवाय अध्यक्ष म्हणतील, मामाभाच्यांनी मिळून केलं."

बाहेर कोणीतरी दार वाजवलं. पंधरा मिनिटं उरली होती.

६

दुसऱ्यांदा वजन झालंच नाही. डावरा कपडे घालूनच हॉलमध्ये आला आणि अध्यक्षांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"वही खरी आहे. लबाडी माझी. मामांना काही माहीत नाही." टॉवेलची, मुठीची सगळी गोष्ट त्याने एका दमात सांगून टाकली. मामा बाजूला उभे राहून ऐकत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"आणि कशासाठी?" अध्यक्षांनी विचारलं.

डावऱ्याने काकांकडे पाहिलं. काकांनी नजर खाली वळवली. हे सांगणं त्याचं त्यालाच करायचं होतं.

"मला उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही. बाजूचं तर काहीच दिसत नाही. मागच्या लढतीत ठोसा बसला होता."

त्याची बायको दाराशी उभी होती. ती दोन पावलं आत आली. अध्यक्षांच्या शेजारी मंडळाच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या, त्या उठून पुढे आल्या. अध्यक्षांनी एक सुस्कारा टाकून वही मिटली आणि ती मामांच्या दिशेने सरकवली. "मामा, तुमच्या परवान्याला धक्का नाही. याचा मात्र आजपासून बंद. वाईट वाटतं मला, पण बंद."

झालं, सुटलं, असं काकांना वाटलं. पण मामांनी वहीला हातही लावला नाही.

"मागच्या लढतीत कुठला ठोसा?" ते म्हणाले.

"मामा, जाऊ द्या ना."

"आठ फेऱ्या मी कोपऱ्यात होतो. तुला बसलेला एकेक ठोसा मला पाठ आहे. कानावर दोन, हनुवटीवर एक, बाकी सगळे बरगड्यांवर. उजव्या डोळ्यावर एकही नाही."

"तुम्हाला आठवत नसेल."

"मला आठवत नसेल?" मामा पुढे आले. "त्यानंतर तू कुणाशी लढला नाहीस. खांबाशी सराव करतोस तो डोक्याला टोप बांधून. उघड्या तोंडानं तू फक्त एका माणसासमोर उभा राहतोस."

डावरा नुसती मान हलवत राहिला.

"ठोसे झेलायच्या पॅडवर सराव चालला होता," मामा सावकाश बोलू लागले. "हातातलं पॅड मी तोंडावरून फिरवणार आणि तू खाली वाकणार. मी आवाज द्यायच्या आधीच हात फिरवला. तू मटकन खाली बसलास आणि हसायला लागलास. मीही हसलो. म्हटलं, म्हातारा झालास रे भाच्या. दोन दिवस डोळ्यावर बर्फ धरून हसत होतास तू."

"मामा, तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं."

"सहा महिने!" मामांचा आवाज हॉलभर घुमला. "सहा महिने मी तुझ्यावर ओरडतोय, उजवा हात वर ठेव, उजवा हात वर ठेव. गाढव म्हणालो तुला सगळ्यांसमोर. आणि तू ऐकून घेतलंस?"

"तुमचं मन मोडलं असतं," डावरा म्हणाला.

मामांनी हात उचलला. आता मारणार असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी भाच्याची मान पकडली, त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून ते हमसून हमसून रडले. सव्वीस वर्षांत काकांनी या माणसाला अजिंक्यपदाच्या दोन लढती हरताना पाहिलं होतं, रडताना नव्हतं पाहिलं. काकांना तिथे उभं राहवेना आणि निघूनही जाववेना.

अध्यक्षांनी खांबाला हळूच विचारलं, "उद्या उभा राहशील ना?" खांबाने डावऱ्याकडे पाहिलं.

"राहा," डावरा मामांच्या खांद्यावरून म्हणाला. "आणि डावा हात आखडू नको."

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी बारीक दिव्याने डोळा बराच वेळ पाहिला. मामा आत आलेच होते. त्यांना बाहेर थांबायला सांगायची कुणाची छाती झाली नाही. काका आणि डावऱ्याची बायको दारात उभे होते.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटलेला दिसतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झालाय. किती दृष्टी परत येईल ते मी सांगू शकत नाही."

"माझा डोळा काढून द्या त्याला," मामा म्हणाले.

"मामा, असं नाही होत."

मामांनी खुर्ची ओढली, डॉक्टरबाईंच्या अगदी समोर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मग कसं होतं ते सांगा."